साडेचार शेर पितळ

देवळालीच्या रेकॉर्ड रूममध्ये माझं काम
कागद मारण्याचं.
मुदत भरली की फाईल माझ्याकडे येते,
मी चाळतो, शिक्का उचलतो:
'ठेवा' किंवा 'नष्ट करा'.
'ठेवा'चं रबर अजून कोरं आहे.

ही मात्र कशी कोण जाणे निसटली होती,
खेचरांच्या दाण्याच्या हिशेबात दडून.
नोव्हेंबर चोपन्न. विषय:
बहुला रेंजवर दिसलेली अनोळखी वस्तू.

साक्षीदार पहिला: लान्स नायक गायधनी, मुक्काम पळसे.
संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी,
तोफा निवल्यावर,
किल्ल्याच्या उजव्या खांद्यावरून काहीतरी आलं,
थांबलं,
आणि वळण न घेता वळून गेलं.
आकार?
परात म्हणाला असणार.
समासात पेन्सिलीनं कुणीतरी 'परात' लिहून खोडलंय
आणि खाली टाइपरायटरनं ठोकलंय: बशी.
साहेबांच्या टेबलावर बशी होती.
पळशात अख्ख्या घराचं पीठ मळतात
तेवढी ती गोष्ट
एका शब्दात घोटभर चहाची झाली.

रंग: नव्या कल्हईचा.
अंतर: सांगता येत नाही.
तोफखान्यातल्या माणसानं असं म्हणावं!
नुसत्या नजरेनं अंतर सांगण्याचं बक्षीस
गायधनीला त्याच वर्षी मिळालं होतं,
त्याचीही नक्कल जोडली आहे.

साक्षीदार दुसरी: भिकाबाई, नवऱ्याचं नाव किसन,
गाव शिंगवे, वय अंदाजे तीस,
सही नाही, अंगठा.
दुभाषानं तिचं बोलणं आहे तसं उतरवलंय,
देव त्याचं भलं करो.

"इथं समद्यालाच आवाज हाय, सायेब.
गोळा जातो तं आभाळ टरकतं,
फळीवरली भांडी खाली येत्यात,
म्हैस पान्हा चोरती.
त्याला आवाज नव्हता.
म्हून तं म्या वर पाह्यलं."

साहेबांनी विचारलं:
पण तू तिथे काय करत होतीस?

इथून पुढे फाईल आभाळ विसरते.

अकरा पानं.
गोळ्यांच्या टोप्यांचं पितळ, वजन साडेचार शेर,
गोणपाटाचं पोतं एक, खुरपं एक.
लाल झेंडा फडकत असताना रेंजमध्ये घुसणे.
सरकारी धातूचा अपहार.
तांबट आळीतल्या रंगनाथ तांबटाचा जबाब:
'बाई दर अमावास्येला येते, रोख नेते,
मी विचारत नाही. मी पराती ठोकतो.'
दंड सात रुपये.
पावती.
पावतीची नक्कल.
पितळ तोलणाऱ्या काट्याचा दाखला,
की काटा खरा आहे.

आणि ती वस्तू?
बाराव्या पानावर, तळाशी, तीन ओळी:
शुक्राचा तारा असावा,
किंवा हवामान खात्याचा फुगा,
किंवा भगूरकडचा धूर.
तिन्ही टिपलेलं, एकही न खोडता.

मी तिचा अंगठा उजेडात धरला.
शाई फिकी झाली आहे,
मध्ये एक वळसा पुसट,
तिथे चिरलं असेल पत्र्यानं कधीतरी.
त्या अंगठ्याखाली एक ओळ राहिली होती,
दुभाषाच्याच अक्षरात, बहुधा ती निघताना बोललेली:

"पोतं तरी माघारी भेटंल का?"

प्रश्नाला आवक क्रमांक आहे.
जावक रजिस्टर मी तीनदा पाहिलं.

एवढ्यात बहुल्याकडचा दुपारचा मारा थांबला.
खिडकीची तावदानं गप्प झाली,
कप बशीत हलायचा राहिला.
सत्तावीस वर्षांत मला ही शांतता
कधी ऐकू आली नव्हती.
हातात शिक्का, कोणता ते न बघता
मी वर पाहिलं.

पंखा होता.